दाराआडच्या पिशव्या

“...मग उद्यापनाला दान काय देऊ, आक्का?”

मालिनीबाईंनी हे विचारलं ते अगदी पदर सावरून, ताठ बसून. नदीकाठच्या मठातल्या वृद्ध आक्का म्हणजे सगळ्या भजनी मंडळाच्या गुरू. त्या वाती वळत होत्या.

चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. यंदा पालिकेनं प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद केल्या, तर मालिनीबाईंनी त्याच सोडल्या. मंडळातल्या बायकांनाही सोडायला लावल्या. स्वतः भाजीवाल्यापुढं कापडी पिशवी अशी धरायच्या, जणू निशाणच. उद्या उद्यापन. नेम पुरा झाला, असं आक्कांनी सगळ्यांदेखत म्हणावं, एवढीच आस होती.

“जे सोडलंस ते दे,” आक्का म्हणाल्या. “रीत तीच आहे.”

रीत मालिनीबाईंनाही ठाऊक होती. वांगं सोडलं की वांगं दान द्यायचं, मगच पुन्हा तोंडात घालायचं. पण मठात प्लॅस्टिक कसं द्यायचं? त्या हसल्याच. म्हणाल्या, चातुर्मास लागल्यापासून एक पिशवी माझ्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही.

“आणि बाहेर किती गेल्या?”

मालिनीबाईंचं हसू ओठांवरच राहिलं.

घरी स्वयंपाकघराच्या दाराआड, खिळ्याला, एक टम्म फुगलेली पिशवी टांगलेली होती. तिच्या पोटात धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवलेल्या साऱ्या पिशव्या. उद्यापन झालं की लागतील म्हणून.

संध्याकाळी त्या सगळं गाठोडंच घेऊन मठात आल्या. वाटभर स्वतःशीच हसत होत्या. आक्कांना काही न लपवता सांगून टाकलं, तशा आक्काही पोट धरून हसल्या. म्हणाल्या, जुन्या पिशव्या न्यायला पालिकेची गाडी येते सकाळी, तिच्यात देऊ हो.

मग आक्कांनी हात पुढं केला.

मालिनीबाईंनी गाठोडं दिलं. एक पिशवी मात्र अलगद बाजूला काढली. जाड, सोनेरी अक्षरांची, लेकीच्या लग्नाच्या बस्त्याची.

“ही फार चांगली आहे हो, आक्का. ही एवढी...”

आक्कांचा हात तसाच पुढं.

अखेर तीही पिशवी आक्कांच्या हातात गेली. पण मालिनीबाईंची दोन बोटं तिच्या बंदात अडकूनच राहिली.

आक्कांनी ओढली नाही.

“सावकाश सोड गं,” त्या म्हणाल्या. “आज तुझा पहिलाच दिवस.”