शिवणाऱ्या बायकांची शर्यत

एका बंदराच्या गावात धावण्याचे जोडे विकणारा एक व्यापारी राहायचा. जोडे पांढरेशुभ्र आणि वजनाला हलके. गावातली पोरंटोरं ते घालून शर्यती लावायची आणि व्यापाऱ्याची वाहवा व्हायची.

जोडे बनायचे मात्र समुद्रापलीकडच्या बेटावर, एका ठेकेदाराच्या कारखान्यात. तिथे बायका जोडे शिवायच्या आणि रसायन लावून तळ चिकटवायच्या. रसायन इतकं उग्र, की डोळ्यांतून पाणी यायचं. तरी खिडक्या कायम बंद. का, तर वाऱ्याबरोबर धूळ आली आणि पांढऱ्या तळाला एक कण जरी चिकटला, तर व्यापारी अख्खी पेटी परत पाठवायचा. त्या कोंडलेल्या वाफेत दोन-तीन वर्षं काढली, की बायकांच्या पायांतलं बळ जायचं. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग हातात काठी.

अशीच एक काठीवाली बाई मालाच्या जहाजातून दुकानात आली. तिने पैसा मागितला नाही की औषध. म्हणाली, "शेठ, माझे पाय गेले ते गेले. धाकटी बहीण यंदाच कामाला लागली आहे. तिचे पाय अजून धड आहेत. तेवढ्या खिडक्या उघडायला सांगा."

"जोडे माझे, बाई. कारखाना ठेकेदाराचा. त्याला सांग."

"त्याला सांगितलं. तो म्हणतो, नियम तुमचा."

व्यापाऱ्याने तिला पाणी दिलं, परतीच्या जहाजात जागा दिली आणि खिडक्यांचं नाव काढलं नाही. एवढं दयाळू व्हायला काही लागत नाही हो.

दोन वर्षांत गावात त्या बायकांच्या पायांबद्दल कुजबुज वाढली. व्यापारी कधी बेटावर गेला नव्हता. बाईचं बोलणं त्याला कामचुकारपणाचंच वाटलं होतं. लोकांची तोंडं बंद करायला त्याने बेटावर त्या बायकांचीच शर्यत ठेवली. प्रत्येकीला नवे जोडे, आणि बघायला गावातली गिऱ्हाइकं जहाज भरून नेली. ठेकेदाराला नाही म्हणायची छाती झाली नाही.

ढोल वाजला. कितीतरी बायका जागच्या हलल्याच नाहीत. काही चार पावलांवर खाली बसल्या. धाकटी बहीण तेवढी निघाली, आणि व्यापारी टाळ्या वाजवू लागला. सातव्या पावलाला तिचा गुडघा वाकला आणि ती तोंडावर आपटली. काठीवाल्या बहिणीला तिच्यापाशी पोचायला फार वेळ लागला.

एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पायातले जोडे काढून व्यापाऱ्यापुढे ठेवले. बाकीच्यांनीही काढले. सगळे अनवाणी जहाजात चढले. त्या ढिगाशेजारी उभा राहून व्यापारी सांगत राहिला, की कारखाना त्याचा नाही.

त्याच संध्याकाळी खिडक्या उघडल्या. धाकटीला त्याचा काही उपयोग नव्हता.

तात्पर्य एवढंच घ्या, की ज्या मालावर आपण आपलं नाव मिरवतो, तो करताना कुणाला झालेली इजाही आपल्याच नावावर लागते.