रिकाम्या खुर्चीला फाउल

एकदा एक कोच वारला, आणि गावाच्या दोन टीमा झाल्या.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक इथं येऊन भांडतील, आणि भांडायला ते कुणाला कमी जात नाहीत. वारले ते कॉलेजच्या बास्केटबॉलचे कोच, सरनोबत सर. दृष्टांतातला थोर माणूस शांत असतो, झाडाखाली बसून मंद हसतो. सरनोबत सर बसायचेच नाहीत. बाकाच्या टोकाला त्यांच्यासाठी एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली असायची, पण ती लाथ मारायला. तिचा एक पाय तारेनं बांधलेला होता, यावरून काय ते समजून घ्या. पंचाला शिव्या, पोरांना शिव्या, स्कोअर लिहिणाऱ्यालाही शिव्या. आणि मॅच जिंकली की त्याच पोरांना घरी नेऊन अंडाकरी वाढायचे, वर पुन्हा शिव्या, की अजून एक भाकरी घे नाहीतर तंगडं मोडीन.

सर गेल्यावर अर्धं गाव म्हणायला लागलं, देवमाणूस गेला. यात सगळ्यात मोठा आवाज सब-इन्स्पेक्टर कोळेकरचा. त्याला सरांनी मटक्याच्या अड्ड्यावरून कॉलर धरून ग्राउंडवर आणलं होतं. "सर नसते तर मी आज कोठडीच्या आतल्या बाजूला असतो," असं तो वर्दी घालून सांगायचा, त्यामुळे कुणी वाद घालत नसे.

उरलेलं अर्धं गाव गप्प होतं. त्या गप्प लोकांत पहिला नंबर जालिंदर पिसाळचा.

जालिंदरची पिठाची गिरणी. कॉलेजात असताना तो नऊ नंबरची जर्सी घालून खेळायचा. एका फायनलला शेवटच्या मिनिटात त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. समोर कुणी अडवणारा नाही, निवांत उभं राहून बास्केट टाकायची. दोन्ही चुकले. सरांनी त्याला जवळ बोलावलं, भरल्या स्टँडसमोर कानफटात मारली, आणि अंगातली जर्सी डोक्यावरून ओढून काढली. म्हणाले, "ही घालायची तुझी लायकी नाही." जालिंदर उघड्या अंगानं बाजारपेठेतून चालत घरी गेला. तेव्हापासून त्यानं बॉलला हात लावला नाही. कॉलेजवरून जाणारा रस्तासुद्धा सोडला. पिठाचे डबे पोचवायचे तरी वळसा घालून जायचा.

आता गंमत बघा. ह्याच जालिंदरची पोरगी शलाका ह्याच सरांकडे बास्केटबॉल शिकली. सर म्हातारे झाल्यावर स्वतः गिरणीत आले होते. म्हणाले, "पोरगी उंच आहे. पाठव." जालिंदरनं गिरणी बंद केली नाही की मान वर केली नाही. सर दळण संपेपर्यंत पीठ अंगावर घेत उभे राहिले. माफी मागितली नाही, ती वस्तू त्यांच्याकडे नव्हतीच. जालिंदर हो म्हणाला नाही, पण नाही असंही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवसापासून शलाका ग्राउंडवर.

तर सर गेल्यावर कॉलेजनं ठरवलं, ग्राउंडला सरांचं नाव द्यायचं. भिंतीवर हत्तीएवढी अक्षरं. नाव द्यायच्या दिवशी, रविवारी, कॉलेजची पोरं-पोरी मिळून एक टीम विरुद्ध माजी विद्यार्थी अशी मॅच. जालिंदर जेवताना एवढंच बोलला, "नाव लागलं की तुझं ग्राउंड बंद. त्या नावाखाली माझी पोरगी धावणार नाही."

शलाकाचा घास तोंडातच राहिला. कारण ती नुसती खेळत नव्हती, पंच व्हायचं शिकत होती, आणि ही मॅच म्हणजे तिची पहिली शिट्टी होती.

तिला शिकवणारे म्हणजे आपल्या दृष्टांतातले वृद्ध ज्ञानी. दाढी पाहिजेच म्हणत असाल तर होती. दस्तगीर चाचा. पेशानं टेलर, आयुष्यभर बास्केटबॉलचे पंच, आणि सरनोबत सरांच्या शिव्या सगळ्यात जास्त खाल्लेला माणूस.

शलाका दुकानात गेली तेव्हा चाचा मशीनवर जर्सीला नंबर शिवत होते.

"चाचा, मी रविवारी येत नाही."

"पाय मोडला?"

"पप्पांनी मोडायचं ठरवलंय."

चाचांनी दोरा दातानं तोडला. "मग घरी बस."

"असं कसं बसू? चाचा, तुम्हीच सांगा ना. सर चांगले होते का वाईट? एकदा कुणीतरी सांगून टाका. चांगले असतील तर मी पप्पांशी भांडते. वाईट असतील तर मी येत नाही, आणि सरांनी शिकवलेलं सगळं विसरून जाते."

"लेअप विसरशील?"

लेअप म्हणजे पळत जाऊन बास्केट टाकणं. एकदा पायांना कळलं की ते विसरता येत नाही.

"चांगलं की वाईट ते मला कळत नाही," चाचा म्हणाले. "मी पंच आहे. मला फाउल कळतो. यायचं तर शिट्टी घेऊन ये. रडायचं असेल तर स्टँडमध्ये बस, तिथं सावली आहे."

आता इतर दृष्टांतांत शिष्य इथं पाया पडतो. शलाका तोंड वाकडं करून निघाली. जाताना तिनं बघितलं, जर्सीवरचा नंबर नऊ होता. "ही कुणाची?" तिनं विचारलं. चाचा म्हणाले, "ज्याची आहे त्याला मापाची होईल का, तेवढीच काळजी आहे."

रविवार आला. मांडव, माईक, पाहुणे, पेढे. सर गेल्यापासून कॉलेजच्या पोरांनी एक रीत पाडली होती: मॅच कुठलीही असो, ती लाल खुर्ची बाकाच्या टोकाला ठेवायची आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही. एकदा एक नवी पोरगी दमून बसली तर सगळ्यांनी तिला असं झापलं की ती टीम सोडायला निघाली होती. आज खुर्चीवर सरांचा फोटो होता. फोटोतसुद्धा सर कुणावर तरी ओरडतच होते. शांत चेहऱ्याचा एकही फोटो सापडला नव्हता.

चाचा पंचाच्या कपड्यांत आले. पिशवीतून झेंडूचा हार काढला, स्वतःच्या रुमालानं काच पुसली, हार घातला आणि जरा वेळ हात जोडून उभे राहिले. कोळेकर माजी विद्यार्थ्यांच्या टीममध्ये होता, पोट जर्सीत मावत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," तो शेजारच्याला म्हणाला, "ज्यांना सरांनी एवढ्या शिव्या घातल्या, ते हार घालतायत. याला म्हणतात मन."

शलाकाही आली होती. घरात न सांगता, खिशात शिट्टी टाकून.

आणि मॅच सुरू होणार एवढ्यात गेटवर स्कूटर थांबली. जालिंदर. गिरणीतून तसाच उठून आलेला, डोक्यापासून चपलांपर्यंत पांढरा. इतक्या वर्षांनी त्याचा पाय ग्राउंडच्या आत पडला तो पोरीला ओढून न्यायला.

"शलाका, चल घरी."

सगळे बघायला लागले. शलाका जागची हलली नाही. "मॅच संपल्यावर येते."

"आत्ता."

"पप्पा, मी पंच आहे. पंचाला मध्येच घरी जाता येत नाही."

जालिंदर तिचा हात धरायला पुढे आला, आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली. एवढी जोरात की मांडवातल्या एका पाहुण्याचा पेढा खाली पडला.

चाचांनी शिट्टी तोंडातून काढली, सरळ लाल खुर्चीसमोर गेले, आणि दोन्ही हातांनी टी केला. एक तळवा आडवा, दुसरा उभा. कोचनं बेशिस्तपणा केला की पंच हा टी काढतो. मग समोरच्या टीमला एक फ्री थ्रो मिळतो.

क्षणभर कुणालाच कळेना. खुर्चीवर फोटो, फोटोला हार, आणि त्याला फाउल.

कोळेकर पहिला भानावर आला. "चाचा, डोकं ठिकाणावर आहे का? मेलेल्या माणसाला फाउल देता?"

"मेल्यावर दिला नाही. तो जिवंत होता तेव्हाच दिला होता."

"कधी?"

"ह्याच्या कानफटात मारली तेव्हा." चाचांनी जालिंदरकडे बोट केलं. "त्या फायनलला पंच मी होतो. मी शिट्टी वाजवली, टी काढला. बड्या लोकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पाहुणे बसलेत, सरांवर फाउल कसा देता, मागे घ्या. मी म्हटलं, घेत नाही. त्यांनी दुसऱ्या पंचाला उभं केलं आणि मला चहा पाजून घरी पाठवलं. नंतर मला गावातली एक फायनल मिळाली नाही. नाही मिळाली तर नाही. पण तो थ्रो बाकी आहे."

"मग हार कशाला घातलात?" कोळेकरचा आवाज चढला. "एवढा राग आहे तर हार तरी घालायचा नाही."

"हार का नको? पोरी हाफ पँट घालून खेळणार म्हणून ह्याच गेटवर दगड आले होते, तेव्हा सरनोबत एकटा काठी घेऊन उभा होता. तुला अड्ड्यावरून ह्यानंच आणला. ते सगळं बास्केटमध्ये पडलेलं आहे, ते कुणी काढून घेणार नाही. पण कोळेकर, इतका खेळलास तरी एवढं कळेना का तुला? शंभर पॉइंट केले म्हणून फाउल पुसला जात नाही. आणि फाउल झाला म्हणून पॉइंट कमी होत नाहीत. दोन्ही आपापल्या जागी राहतात. तुमच्यातले अर्धे नुसती आरती करतायत, अर्धे नुसते रुसून बसलेत. मधे उभं राहून शिट्टी वाजवायला कुणी तयार नाही. भिंतीवर नाव लावायचं तर खुशाल लावा. आधी थ्रो होईल."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून नऊ नंबरची जर्सी काढली आणि जालिंदरपुढे धरली. "त्या दिवशी तू सरनोबतच्या टीममध्ये होतास. थ्रो समोरच्यांना गेला असता. आज तू माजी विद्यार्थी, म्हणजे समोरची टीम. थ्रो तुझा."

जालिंदरनं जर्सीकडे बघितलंसुद्धा नाही. "मला कुणाची दया नको."

"दया पाहिजे तर मशिदीच्या दारात ये, शुक्रवारी वाटतो. इथं मी नियम सांगतोय. घेणार नसशील तर सांग, दुसरा घेईल. कोळेकर घेईल."

"कोळेकर?" जालिंदर म्हणाला. "त्याचा बॉल रिंगपर्यंत तरी जाईल का?"

स्टँडमध्ये हशा झाला. जालिंदरनं जर्सी घेतली. पिठाच्या शर्टावरूनच चढवली, दंडात अडकली, त्यानं ओढून खाली घेतली. मग चपला रेषेबाहेर काढल्या आणि अनवाणी येऊन थ्रोच्या जागेवर उभा राहिला.

थ्रो घेणाऱ्याच्या हातात बॉल पंच देतो. चाचांनी शलाकाला मान हलवून खूण केली. तिनं बॉल उचलला, वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. एक बोट वर केलं, शिकवलं होतं तसं. "एक थ्रो."

जालिंदरनं पोरीकडे बघितलं. मग बॉल घेतला. बॉलवर दोन पांढरे पंजे उमटले.

त्यानं टाकला.

चुकला. रिंगवर आपटला, उसळला, बाहेर गेला.

आणि जालिंदरचे खांदे आपोआप वर झाले. डोळे मिटले, मान एका बाजूला वळली, खुर्चीच्या बाजूला. चांगला टक्कल पडलेला माणूस, पण गाल तयार ठेवून उभा राहिला.

काहीच झालं नाही. वाऱ्यानं हार थोडा हलला, तेवढंच.

त्यानं हळूच डोळे उघडले. खुर्ची बघितली. तारेनं बांधलेला पाय बघितला. आणि हसायला लागला, एवढा की कमरेवर हात ठेवून वाकला.

लांब गेलेला बॉल कोळेकरनं धापा टाकत आणला. येताना तो एकदा फोटोकडे बघून आला होता. "जाल्या," तो म्हणाला, "तुझं कोपर अजून बाहेरच जातंय." आणि बॉल त्याच्याच हातात दिला.

"चाचा, अजून एक मिळतो का?" जालिंदरनं विचारलं.

"नियमात एकच."

मॅच सुरू झाली. पिसाळ नऊ नंबर थोडा वेळ खेळला, एकही बास्केट टाकली नाही आणि दम लागून बाहेर पडला. भिंतीवर सरांचं नाव ठरल्याप्रमाणे लागलं. जालिंदरनं चपला घातल्या, स्कूटरला किक मारली, आणि गेटवरून पोरीला ओरडून सांगितलं, "संपलं की लवकर ये. दळणं पडलीत." जर्सी त्यानं काढली नाही. बाजारपेठेतून तशीच घालून गेला.

शलाकानं शिट्टी पुसली. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. तीच नवी पोरगी, जिला सगळ्यांनी झापलं होतं. खेळून लालबुंद झालेली, बाकावर जागा नव्हती.

"ताई, तिथं बसू का?"

शलाकानं खुर्चीकडे बघितलं, मग चाचांकडे. चाचा दुसरीकडेच बघत होते, मुद्दाम. तिनं जाऊन सरांचा फोटो हारासकट उचलला, भिंतीला नीट टेकवून ठेवला, ग्राउंड दिसेल असा.

"बस," ती म्हणाली. "फक्त पाय सांभाळ, एक बांधलेला आहे."

तुमच्याही घरात, ऑफिसात अशी हार घातलेली एखादी खुर्ची असेल. हार राहू द्या. शिट्टी वाजवा.