तुळजा आणि क्ष नावाचा मणी

राजाच्या बागेच्या दाराशी तुळजा शेवंती विकायची. आई तापानं अंथरुणाला खिळलेली, घरात औषधाला पैसा नाही, आणि पहाटेपासून उभं राहून तुळजाचे इवलेसे पाय ठणकत होते.

त्या दिवशी शेजारच्या गुलाबवाल्या चंद्राआजीला उन्हानं ग्लानी आली. तुळजानं तिला झाडाखाली निजवलं आणि आपल्या पिवळ्याधमक शेवंतीबरोबर तिचे लालचुटुक गुलाबही विकले. गुलाबाचा गुच्छ आठ रुपयांना, शेवंतीचा तीन रुपयांना. सांजेला टोपल्या रिकाम्या झाल्या. दोन्ही मिळून गुच्छ गेले वीस, बटव्यात एकशे तीस रुपये. पण त्यात गुलाबाचे किती नि शेवंतीचे किती? दमलेल्या तुळजाला काही केल्या आठवेना.

'अर्धे अर्धे करावेत का?' पण मन मानेना. तिचे डोळे भरून आले.

तोच बागेतल्या कारंज्याच्या तुषारांतून एक चिमुकली परी उतरली. पंख मोरपिशी, झगा लुकलुकता रुपेरी.

"एक इच्छा माग, बाळ. पण उत्तर मी सांगणार नाही हं. ते तूच शोधायचं."

"मग आजीचे पैसे नेमके किती, ते मला शोधता येऊ दे."

परीनं तिच्या तळहातावर निळा मणी ठेवला. "याचं नाव क्ष. जे ठाऊक नाही, त्याच्या जागी हा बसतो. गुलाबाचे गुच्छ क्ष समज."

"मग शेवंतीचे वीस वजा क्ष," तुळजा पुटपुटली. "गुलाबाचे आठ क्ष रुपये. शेवंतीचे साठ, त्यातून तीन क्ष वजा."

"आणि दोन्ही मिळून?"

"साठ आणि पाच क्ष." तिनं जांभई गिळली. "तेच एकशे तीस. म्हणजे पाच क्ष सत्तर... क्ष चौदा!"

चौदा गुच्छ गुलाबाचे. आजीचे एकशे बारा रुपये. तुळजाचे फक्त अठरा. अठरात औषध येत नाही. क्षणभर तिची मूठ आवळली. मग तिनं आजीला हलकेच उठवलं. "आजी, हे तुझे."

"आणि तुझ्या आईचा ताप उतरला," परी हसून म्हणाली. सोनेरी उजेडाचा एक लखलखता लोट उठला आणि त्यात ती विरून गेली.

आजीनं दोन्ही टोपल्या डोक्यावर घेतल्या, तुळजाचं बोट धरलं. घरी आई उंबऱ्यात बसली होती.

"किती गं विकलीस आज?" आईनं विचारलं.

पण तुळजा तिच्या मांडीवर केव्हाच झोपली होती.