रेमेतबायची खारी विहीर

वसईच्या पट्ट्यात, खाडीला लागून खारवली नावाचं गाव होतं. त्या गावच्या क्रुसाशेजारी झावळ्यांच्या खोपटात इनासबाबा राहत. बाबा पाद्री नव्हते, फार शिकलेलेही नव्हते. दिवसभर टोपल्या विणायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं ऐकून घ्यायचे, बस्स! पण भाविकहो, ते असे काही ऐकत, की बोलणारा घरी जाताना हलका होऊन जाई.

याच गावात रेमेतबाय नावाची विधवा राहायची. चार वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीने बांध फोडला. तो अडवायला तिचा नवरा सिमाव धावला, तो परतलाच नाही. त्याच भरतीचं पाणी तिच्या गोड विहिरीत शिरलं आणि विहीर खारी झाली. बाय चर्चमध्ये मिस्साला जायची, रोज रोझरी म्हणायची. पण मणी नुसते बोटांतून सरकायचे. पूर्वी देवाला 'बापा' एवढं म्हटलं तरी आत काहीतरी भरून यायचं. ते भरून येणं तिला परत हवं होतं, तहान लागल्यासारखं हवं होतं!

अशातच तिच्या लेकीचं, फिलूचं लग्न ठरलं. गावची रीत अशी, की लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी वाजतगाजत घरच्याच विहिरीवरून आणायचं. आता काय करायचं?

शेजारी दुमिंग पाटील. गावात सगळ्यात गोड पाणी त्याच्या विहिरीला, आणि देवाच्या नावाने सगळ्यात मोठी थट्टाही त्याचीच! कुंपणापलीकडून हसत म्हणाला, "काय गं रेमेत, पोरीला खारवून वाळत घालणार की काय? नवरी पाठवायची आहे, सुका बोंबील नव्हे!"

बाय घरात जायला वळली.

"माझ्या विहिरीचं ने की. पण आधी चार माणसांसमोर म्हण, तुझ्या देवाच्याने घागरभर पाणी झालं नाही!"

दुमिंगचं बोलणं बायला खोटंच वाटेना! पंचाईत होती ती इथेच.

ती तडक बाबांकडे गेली. "बाबा, माझा विश्वास उरलाच नाही. दुमिंग म्हणतो तसं म्हणून टाकते. निदान खरं तरी बोलेन."

बाबांनी टोपलीची कड ओढून घट्ट केली. म्हणाले, "बोल की."

बाय चमकली.

"पण ते दुमिंगला कशाला सांगतेस? ज्याच्यावर राग आहे, त्याला सांग. चार वर्षांत त्याला एकदा तरी बोललीस?"

"देवाला असलं बोलायचं, बाबा?"

"गोड गोड सगळेच बोलतात, बाय. तुझ्याजवळ खारं आहे, तेच घेऊन जा. उद्या तुझ्याच विहिरीवर घागर आण. मी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरीचं पाणी आणायला बँड लागला. बायका नटूनथटून निघाल्या, पण सगळ्यांच्या नजरा खाली. दुमिंग पुढे येऊन म्हणाला, "पहिला घोट मी घेणार! सगळ्यांसमोर थुंकून दाखवतो."

"घे हो, बाळा," बाबा म्हणाले.

रेमेतबायने घागर सोडली. दोर हातात धरून ती काठावर वाकली, आणि चार वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. "सिमाव क्रुसाची खूण करून गेला होता! तेव्हा तू कुठे होतास? रोज तुझ्या दारात येते मी, आणि तू आहेस की नाहीस तेही मला कळत नाही. नसशील तर नाही म्हण! पण असलास... असलास तर मला तू हवा आहेस रे. पाणी राहू दे, तू ये."

बँड केव्हाच थांबला होता.

"आमेन," बाबा म्हणाले. "ओढ आता."

घागर वर आली. दुमिंगने ती ओढून घेतली, गालभर घोट घेतला, थुंकायला मान वळवली, आणि काय सांगू! गाल तसेच फुगलेले, डोळे मोठे झालेले. हळूच त्याने तो घोट गिळला. मग ओंजळीने प्यायला, परत प्यायला, पार हनुवटीवरून ओघळेपर्यंत!

"काका, माझ्या अंघोळीला तरी ठेवा!" फिलूने घागर हिसकावून तोंडाला लावली. "आई! गोड आहे गं!"

रेमेतबायने पाणी अजून चाखलंही नव्हतं. "बापा," ती पुटपुटली, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा तिचा ऊर भरून आला.

दुमिंग बाबांच्या पायांवर कोसळला. "बाबा, बरीच वर्षं झाली, मी देवाशी बोललोच नाही. हिच्याजवळ निदान भांडायला तरी कोणी होतं. माझ्याजवळ तेही नाही!"

बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्यापाशी नको रे. तिथे जा," म्हणत त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं.

गावासमोर कधी न वाकलेला दुमिंग पाटील उठला आणि विहिरीच्या ओल्या काठावर त्याने कपाळ टेकलं. "आता काय म्हणू?" तो पुटपुटला.

रेमेतबाय डोळे पुसत जवळ आली. दोर तिने त्याच्या हातात दिला.

"काहीही म्हणा, दुमिंगभाऊ. खोल आहे, पण ऐकू जातं."