केरोबा राजाचा शेवटचा खडा

एका राज्यात राजा जन्मत नसे, निवडला जाई. चावडीपुढे सुपं मांडत, ज्याच्या सुपात जास्त खडे पडत तो राजा. ते खडे भरलेलं सूप सिंहासनाजवळ जपून ठेवत.

त्या राज्यात एक अक्षय तपेलं होतं. एका मांत्रिकानं ते डोंगरात कोंडलं होतं. तो आणि त्याचे सरदार जेवत, प्रजा वासावर दिवस काढी. तेव्हा केरोबा तांबट सुपामागे उभा राहून म्हणाला, "तपेलं सगळ्यांचं. शेवटचा माणूस जेवेल, मग मी जेवीन." त्याचं सूप शिगोशीग भरलं.

राजा केरोबा प्रजेसह डोंगरावर गेला. पहिल्या दारी आग होती, बायकांनी घागरींनी विझवली. दुसऱ्या दारी नाग होता, गारुडणीनं पुंगीवर निजवला. तिसरं दार पाषाणाचं, हजार खांदे लागले तेव्हा उघडलं. तपेलं गावात आलं. सात वर्षं रोज पंगती उठल्या, नुसती चंगळ! केरोबा स्वतः वाढी आणि शेवटी राणी सगुणेसोबत जेवी.

मांत्रिक हरला, पण त्याची जीभ हरली नव्हती. पाहुणा होऊन तो पंगतीत आला नि म्हणाला, "तुमचा राजा खरवड खातो. लाज नाही वाटत?" लोकांच्या मनाला लागलं. आणि आपल्या लोकांचा आग्रह कुणाला चुकलाय, बाबांनो? केरोबाला पहिल्या पंगतीत चांदीच्या पाटावर बसवलं. तो एकदा नको म्हणाला, दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा जिलबी आली. ती गोड लागली. दुसऱ्या दिवशी तो आपणहून पाटावर बसला.

तत्क्षणी तपेलं आटलं. पानाची वाट पाहणारे सगळे बसल्या जागी दगड झाले, त्यांत सगुणाही. केरोबानं हंबरडा फोडला.

तपेल्याच्या काठावर एक साळुंकी येऊन बसली आणि बोलली, "राजा, तुझं सूप रिकामं झालं तर दगड उठतील."

"माझे खडे काढून घ्या," केरोबा म्हणाला.

"महाराज, ते आमच्यानं व्हायचं नाही!"

"माझी सगुणा दगड झालीय रे! काढा!"

लोकांनी रडत रडत आपापले आणि दगड झालेल्या आपल्या माणसांचे खडे उचलले. तरी दगड हलेनात. सुपाच्या कोपऱ्यात एक खडा उरला होता.

"हा कुणाचा?" लोक एकमेकांना विचारू लागले. कुणी पुढं येईना.

केरोबाची मान खाली गेली. तो खडा त्यानंच टाकला होता. मुकुट त्याला आवडला होता, फार आवडला होता. गव्हाएवढा खडा, पण उचलताना दोन्ही हात लावावे लागले.

मुकुट आपोआप गळून पडला. मांत्रिक धूर होऊन चुलीत गेला. तपेल्यात भात रटरटू लागला आणि दगड जांभया देत उठले.

सगुणेनं डोळे चोळले. "अहो, मुकुट कुठाय?"

"गेला."

"बरं झालं. सरकते थोडी, बसा इथं."

गारुडीण हसत वाढायला उठली. तिचं सूप दुसऱ्याच दिवशी भरलं, पहिला खडा केरोबाचा. शेवटचं पान उठलं, कथाही हात धुऊन उठली.