घोडीवरचं गाठोडं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावांना वेशी होत्या, पण माळांना कुंपणं नव्हती. त्या माळांवर मेंढपाळांची काही बिऱ्हाडं गवताच्या शोधात फिरायची. पुढे मेंढरं, मागे माणसं आणि मधे घोड्या. घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार लादलेला असे.

त्यांच्या दोन रीती होत्या. कोकरू जन्मलं, की चालायला लागेपर्यंत ते घोडीवर बसायचं. आणि म्हातारं माणूस चालेनासं झालं, की त्याला वाटेतल्या गावच्या देवळात ठेवायचं, भाकऱ्या बांधून द्यायच्या आणि पुढे निघायचं. या दुसऱ्या रीतीबद्दल कोणी फारसं बोलत नसे. बिऱ्हाडांच्या म्होरक्याने स्वतःच्या थोरल्या भावालाही असंच मागे ठेवलं होतं.

याच बिऱ्हाडांत ठकू नावाची एक विधवा होती. तिच्या मोजक्या मेंढ्या म्होरक्याच्या कळपातच चरायच्या. त्याच्या मर्जीवर तिचं पोट होतं, म्हणा ना.

एकदा तिची कुत्री व्याली. तिच्या पिल्लांतलं एक डोळ्यांनी आंधळं निघालं आणि त्याचे मागचे दोन्ही पाय जन्मापासून लुळे होते. आई त्याला जवळ घेईना. ठकूने लोकरीची वात मेंढीच्या दुधात बुडवली आणि त्याच्या तोंडात धरली. पिल्लू ती चोखू लागलं. त्या क्षणापासून ठकूचा जीव त्याच्यात अडकला.

तळ हलवायचा दिवस आला. म्होरक्या म्हणाला, "ठकू, ते राहू दे हितंच. तेला ना डोळं, ना पाय. काय करायचंय वझं?"

ठकूला त्याची भीती वाटत होती. तरी ती म्हणाली, "मामा, आपली रीत काय हाय? चालाया लागंस्तवर घोडीवर. ह्ये कुठं चालाया लागलंय अजून?"

आसपासचे लोक हसले. म्होरक्याला हसू आलं नाही, पण रीत मोडणार कशी? "बरं," तो म्हणाला, "पर घोडीवरचा भार वाढता कामा न्हाई. वाढला, तर तुजी मेंढरं येगळी काढीन."

ठकूने घोडीवरचा आपला तांब्याचा हंडा उतरवला आणि डोक्यावर घेतला. हंड्याच्या जागी झोळी बांधली आणि झोळीत पिल्लू ठेवलं. म्होरक्याने मनाशी म्हटलं, चार दिवसांचं तर आहे हे.

पण पिल्लू जगलं. सगळे त्याला गाठोडं म्हणू लागले. तळ पडला, की ते पुढच्या पायांवर शरीर ओढत फिरायचं आणि पोटाला जखमा करून घ्यायचं. मग ठकूने जुन्या घोंगडीचा जाड पट्टा शिवून त्याच्या पोटाखाली बांधला. रोज ती त्याचं अंग पुसायची, जखमांना करंजाचं तेल लावायची. कधी कधी थकून त्याच्यावर चिडायची आणि लगेच त्याला मांडीवर घ्यायची. हंडा वाहून वाहून तिची मान दुखायची.

तुम्ही म्हणाल, पुढे त्या पिल्लाने लांडगा हाकलला असेल, नाहीतर चोर पकडला असेल. छे हो! त्याने कधीच काही केलं नाही. ठकूचा आवाज आला की ते कान टवकारायचं, एवढंच. ठकूला तेवढं पुष्कळ होतं. हळूहळू सगळ्यांना त्या झोळीची सवय झाली. पोरंबाळं जाता जाता झोळीत हात घालून त्याचं डोकं कुरवाळायची.

काही वर्षांनी मेंढरं नदीपार नेताना म्होरक्या दगडावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या, पण पाय कामातून गेला. इकडे माळावरचं गवत संपलं आणि तळ हलवायची वेळ आली.

म्होरक्या सगळ्यांना म्हणाला, "मला देवळात ठेवा. भावाला ठिवलं, तसंच मलाबी." भावाने शेवटी धरलेला हात त्याला आठवत होता.

ठकू पुढे येऊन म्हणाली, "मामा, चालाया लागंस्तवर घोडीवर."

"येडी का काय! या वयात मी कवा चालाया लागायचा?"

"गाठोडं तरी कुठं लागलंय?"

म्होरक्याने मान खाली घातली. "माझा भार लय हाय, पोरी. घोडीवर जागा कुठली?"

तेव्हा म्होरक्याची सून पुढे झाली. तिने घोडीवरची कळशी उतरवून डोक्यावर घेतली. दुसरीने पातेल्यांचं गाठोडं घेतलं. कोणी घोंगड्या खांद्यावर टाकल्या. डोक्यावर भार घेऊन चालणाऱ्या ठकूला ही माणसं इतकी वर्षं रोज बघत आली होती, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही. बघता बघता घोडीची पाठ रिकामी झाली.

म्होरक्याला वर बसवलं. ठकूने झोळी त्याच्या हातात दिली. आजवर त्याने त्या कुत्र्याला कधी बोटही लावलं नव्हतं. गाठोड्याने त्याचे हात हुंगले आणि त्याच्या मांडीवर डोकं टेकून ते झोपून गेलं. म्होरक्या ढसाढसा रडला.

वाटेत भावाला ठेवलेलं देऊळ लागलं, तेव्हा त्याने घोडी थांबवायला सांगितली. देवळात आता कोणी नव्हतं. रिकाम्या पायरीकडे बघत तो म्हणाला, "हितनं पुढं कुणाला मागं ठेवायचं न्हाई."

दुबळ्यासाठी केलेली जागा एक दिवस आपल्यालाही लागते, म्हणून ती वेळेवर करावी.