मेव्हण्याच्या हातातला दोर

फार मागच्या काळची गोष्ट. तेव्हा मधमाश्या माणसांशी बोलत. पुढे त्या गप्प झाल्या असं म्हणतात. मला विचाराल तर आपणच ऐकेनासे झालो.

त्या काळी एका उंच कड्याखाली मध काढणाऱ्यांची वस्ती होती. कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची भली थोरली पोळी लोंबत. वरून दोर सोडायचा, दोराला माणूस लटकायचा, ओल्या पाल्याच्या पेटत्या जुडीने, म्हणजे चुडीने, धूर करायचा, माश्या उठल्या की पोळं कापायचं. आणि वस्तीचा नियम असा, की दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. वाटणीच्या भांडणात सख्ख्या भावाचा हात एखाद वेळी सैल पडेल, पण बहिणीचं कुंकू पुसायला कोण धजेल? हा नियम कुण्या शहाण्या बाईनेच घातला असणार.

त्या वस्तीत चिंधू राहायचा. कड्यावर त्याच्यासारखा पाय कुणाचा नव्हता. पण चिलीम म्हणजे त्याचा जीव की प्राण. उठला की चिलीम, जेवला की चिलीम, कड्यावर जाण्याआधी तर हवीच.

बायको भागी म्हणे, "अहो, खोकून खोकून घर हलवता. टाका की ती."

"माझा आजा मरेस्तोवर ओढत होता," चिंधू म्हणे. "पार म्हातारा होऊन गेला. काय झालं त्याला?"

भागी कपाळाला हात लावी आणि चुलीकडे वळे.

चिंधूच्या हातात पहिली चिलीम दिली ती त्याच्या चुलत्याने. एका हिवाळ्यात तो चुलता झिजत चालला. वैद्याने पाठीला कान लावला आणि मान हलवली. "फुफ्फुसात गाठ धरलीय. ओढणाऱ्या प्रत्येकाला ती होते असं नाही. पण जो ओढतो, तो तिला रोज आवतण धाडतो. हिने आवतण घेतलं."

चुलता गेला. चिंधू ढसाढसा रडला, आणि मसणवट्यातून परतताना वाटेतच त्याने चिलीम पेटवली. असे असतात बघा पुरुष!

मधाचे दिवस आले. मेव्हण्याने, म्हणजे भागीच्या भावाने, लहानूने दोर धरला आणि चिंधू कड्यावरून खाली उतरला. धूर केला. सगळं मोहोळ घोंघावत उठलं. एक म्हातारी माशी तेवढी पोळ्याच्या कडेला बसून राहिली.

"तू का गं नाही गेलीस?" चिंधूने विचारलं.

"पंख झिजले माझे. पण नवल मला तुझं वाटतं. धूर झाला की आम्ही उठून जातो, कारण आम्हाला पंख आहेत. तुझ्या छातीत जे बिचारं राहतं त्याला पंख नाहीत. रोज धुरी देतोस, त्याने जावं कुठे? तिथेच बसून काळं पडतं."

चिंधू हसायला गेला, तो खोकल्याची उबळ आली. साधीसुधी नव्हे. डोळे पांढरे झाले, चूड सुटली, कोयता दरीत गेला, दोरावरचे हातही सुटले. कमरेच्या फासाला तो गाठोड्यासारखा लटकला. वर लहानूच्या तळव्यांची सालं निघाली, पण त्याने दोर सोडला नाही. इंच इंच ओढत दाजींना वर घेतलं.

चिंधू थुंकला. थुंकीत रक्त होतं.

"वाचवलंस रे बाबा," तो म्हणाला.

"आज वाचवलं. उद्यापासून दोर धरणार नाही."

"का?"

"मी वरून तुमचा जीव धरायचा आणि तुम्ही तो आतून जाळायचा? दाजी, बहिणीचं कुंकू राखायला उभा आहे मी इथे, गंमत बघायला नाही."

"अरे, पण माझा आजा..."

"ऐकलंय तुमच्या आज्याचं! या कड्यावरून एक जण पडला होता, झाडात अडकून जगला. मग मी दोर सोडू का? पडून बघता?"

चिंधूने कड्याखाली पाहिलं. त्याने चिलीम दरीत भिरकावली, तेव्हा कुठे लहानू पुन्हा दोर धरायला कबूल झाला.

फेकली म्हणजे सुटली, असं मात्र समजू नका. रात्री त्याचा डोळा लागत नसे, भागीवर तो उगाच खेकसे. एकदा शेजाऱ्याकडे चोरून ओढून कड्यावर गेला. लहानूला वास आला. त्याने दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि चालू लागला. त्या दिवशी घरात मधाचा थेंब आला नाही. भागीने नवऱ्याच्या हातावर आवळकाठी ठेवली. "हे चघळा. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा, पण ओढू नका."

हळूहळू सुटली. वैद्याने पाठीला कान लावला. "रक्त घशातलं होतं. गाठ लागत नाही. धोका पुरता टळला असं मी म्हणणार नाही, पण वर्षागणिक तो मागे सरेल. आधी सोडतास तर आणखी मागे असता."

चिंधू म्हातारा झाला. दर हंगामात पहिल्या पोळ्याचा पहिला तुकडा तो लहानूच्या वळ पडलेल्या तळव्यावर ठेवी, आणि दुसरा कड्यावर, म्हाताऱ्या माश्यांसाठी.

"दाजी, दरसाल काय हे?" लहानू संकोचून म्हणे.

कुंकू लावलेल्या भागीकडे बघत चिंधू म्हणे, "तू दोर धरलास म्हणून एकदा वाचलो. धरणार नाही म्हणालास, म्हणून रोज वाचतो."

तात्पर्य: छातीत धूर भरणारा आपल्या हाताने मरण जवळ ओढतो, त्याचा हात जो धरेल त्याच्यावर रागावू नये, त्याचे उपकार मानावेत.